‘त्यांना एकटं सोडा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इक्वेडोरच्या अमेझॉन जंगलातल्या अचुआर या आदिवासी लोकांकडच्या मुक्कामाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही रागावून पण मनापासून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं: पैसे मोजून माणसं बघायला जाणं म्हणजे माणसांचं प्राणिसंग्रहालय. आपल्या जाण्याने त्यांची संस्कृती बिघडते, आपण रोग घेऊन जातो, तेव्हा त्यांना एकटं सोडावं. रोगांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. बाकीचं नाही.

त्यांना एकटं सोडायला तिथे तयार कोण आहे? १९६७मध्ये लागो आग्रिओजवळ तेल सापडलं, १९७२पासून ते पाइपलाइनने बाहेर जाऊ लागलं आणि उत्तरेकडच्या जंगलात तेलामागोमाग रस्ते, रस्त्यांमागोमाग लाकूडतोड आणि वसाहती आल्या. दक्षिणेत बोबोनासा नदीकाठी सारायाकु हे किचवा लोकांचं गाव आहे. तिथे गावाला न विचारता तेलाचा शोध सुरू झाला आणि त्यांच्या जमिनीत १,४०० किलोहून जास्त स्फोटकं पुरली गेली. २०१२मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने याबद्दल इक्वेडोर सरकारला दोषी धरलं. गाव लढलं म्हणून हे झालं, आणि लढायला पैसा लागतो.

अचुआरांचा प्रदेश याच भागातला. त्यांच्या संघटनेने तेलाला वर्षानुवर्षं विरोध केलाय. पण नुसत्या विरोधाने शाळेचा खर्च भागत नाही, की साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्या छोट्या विमानाचं भाडं निघत नाही. त्यांच्या बहुतेक गावांना रस्ताच नाही. अशा वेळी पाहुणे घेणं हा त्यांनी विचारपूर्वक निवडलेला मार्ग आहे. अचुआरांच्या प्रदेशातलं कापावी हे पर्यटकांचं निवासस्थान १९९०च्या दशकात एका खाजगी कंपनीने अचुआर संघटनेशी करार करून बांधलं. कंपनी संघटनेला भाडं देत होती आणि २००८मध्ये ते सगळं अचुआरांच्या ताब्यात आलं. हा निर्णय त्यांनी घ्यायचा आणि ‘तुम्हाला कळत नाही, तुमची संस्कृती बिघडेल’ असं आपण इथे बसून म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता प्राणिसंग्रहालय. पिंजऱ्याबाहेरचा माणूस हवं तिथे उभा राहतो, हवं तेवढं बघतो. अचुआर घरात पाहुण्याला ही मुभा नसते. ताडाच्या पानांनी शाकारलेल्या त्या लंबगोल घराचे दोन भाग असतात. तंकामाश हा पुरुषांचा भाग, पाहुण्यांची जागाही तिथेच. एकेंत हा घरच्या बायकांचा. तिथे पाहुण्याने जायचं नाही, तिकडे टक लावून बघायचंही नाही. बसायला सांगतील तिथेच बसायचं. मग घरची बाई रंगवलेल्या मातीच्या वाडग्यातून निहियामांच आणते. कसावा, म्हणजे ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद, शिजवून, चघळून आंबवलेलं हे पेय. तुम्ही त्याला किळसवाणं म्हणालात, ते मला फार लागलं. कसाव्याची लागवड तिची, काढणी तिची, चघळणं-आंबवणं तिचं. तो वाडगा परत करणं हा तिचा अपमान असतो. मी प्यायले आणि पुन्हा पिईन.

पहाटे, उजाडायच्या खूप आधी, वायुसाच्या पानांचा काढा उकळतो. पुरुष तो पोटभर पितात, बाहेर जाऊन ओकून टाकतात आणि मग रात्रीची स्वप्नं सांगायला बसतात. शिकारीला जायचं का, हे त्या स्वप्नांवरून ठरतं. मलाही विचारलं. मला काहीच आठवत नाही म्हटल्यावर यजमानांना खरोखर माझी काळजी वाटली! हे सगळं आमच्यासाठी मांडलेलं नव्हतं. आम्ही गेलो नसतो तरी त्या पहाटे ते झालंच असतं.

पर्यटकांची बोट दिसली की पिसांचे मुकुट चढवून नाच करून दाखवायला लावणारे दलाल आहेत, हे खरं आहे. त्यांच्याबद्दल तुमच्याइतकाच संताप मलाही आहे. पण ‘संस्कृती बिघडते’ म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे काळ गोठलेली माणसं आहेत. अचुआरांकडे बंदुका आहेत, मिशनरी येऊन गेलेत, धावपट्ट्यांभोवती गावं वसलीत. २०१७पासून त्यांच्या नद्यांवर तापियात्पिया नावाची सौरऊर्जेवरची नाव फिरतेय. तरी स्वप्नं सांगणं सुटलेलं नाही.

राहिला रोगांचा मुद्दा. इक्वेडोरमधल्याच यासुनीच्या जंगलातल्या तागाएरी आणि तारोमेनाने लोकांनी बाहेरच्या जगाशी संबंध नाकारलाय. साधा फ्लू किंवा गोवर तिथे अख्खी वस्ती संपवू शकतो. त्यांच्या दिशेने कोणी ‘साहसी सफर’ विकत असेल तर तो गुन्हाच आहे. तिथे तुमचं ‘एकटं सोडा’ शंभर टक्के लागू, कारण ती त्यांचीच इच्छा आहे. २०२०मध्ये कोविड आला तेव्हा अमेझॉनमधल्या कितीतरी समुदायांनी स्वतःहून गावबंदी केली, पर्यटनाचं उत्पन्न बुडालं तरी. दार त्यांनीच उघडलं होतं, त्यांनीच लावलं.

तुमचा मुलगा पुढच्या वर्षी तिकडे जायचं म्हणतोय आणि तुम्ही त्याला नको म्हणताय, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आधी सफर विकणाऱ्याकडे चौकशी करू द्या: जमीन कोणाची, निवास कोणाच्या मालकीचा, पैसे कोणाच्या हातात जातात, गावाच्या सभेने होकार दिलाय का. उत्तरं गोलमाल मिळाली तर नकोच म्हणा. नीट मिळाली तर गोवर आणि फ्लूची लस घेऊन जाऊ द्या. आणि जिथून छोटी विमानं जंगलात जातात त्या शेल नावाच्या गावातल्या धावपट्टीवर पोचल्यावर नाक गळत असेल किंवा अंगात कणकण असेल, तर पैसे बुडाले तरी विमानात चढायचं नाही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.