महाराजांना आधी मखमल चढवा

टीव्हीवरच्या मालिकेच्या परवाच्या भागात सातवाहन राजाच्या पानात भाकरीसोबत हिरव्या मिरचीचा ठेचा वाढलेला पाहिला आणि वाटलं, ही विद्या सर्वांना मिळायला हवी. (मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. महाराज चौदाशे वर्षं पानावर बसून राहिले असणार.) तर, प्राचीन राजावर मालिका काढणाऱ्या सज्जनहो, ऐका.

राजाला शिवलेला मखमली अंगरखा घाला. कार्ल्याच्या लेण्यातले पुरुष धोतर-पागोट्यात उभे आहेत, पण त्यांना कुठे टीआरपी सांभाळायचाय.

घोड्याला लोखंडी रिकिबी हव्यातच, त्या काळी नसल्या तरी.

संवाद संस्कृत सुभाषितासारखे लिहा. शिलालेख प्राकृतात आहेत, हे कुणाला सांगू नका.

सातवाहनांचा शत्रू, क्षहरात घराण्यातला राजा नहपान, त्याला काजळ घालून गडगडाटी हसवा आणि जावई उषवदाताला कटात गुंतवा. या उषवदाताने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे संघात, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, शेकडा दरमहा एक व्याजाने. वर्षाचे झाले २४०. वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२, म्हणजे २४०. हिशेब चोख! असला खलनायक कोण बघणार?

राजमातेला रडवा. हातात आरतीचं तबक, डोळ्यांत ग्लिसरीन. आणि नाशिकच्या पांडवलेण्यातल्या ३ क्रमांकाच्या लेण्याकडे अजिबात फिरकू नका, कारण तिथे सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या कारकिर्दीच्या २४व्या वर्षाचा हुकूम कोरलाय, राजा आणि राजमाता दोघांच्या वतीने, गोवर्धनच्या सामक नावाच्या अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला. कखडी गावात भिक्षूंना दिलेलं शेत कुणी कसत नाही, गाव ओस पडलंय, तर नगराच्या शिवेवरचं आमचं शेत, १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप), त्यांना द्या. तिथे राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये. पडीक जमिनीचं प्रकरण निस्तरणारी राजमाता! आणि तुम्ही तिला दिवा घेऊन झरोक्यात उभी करता, अठ्ठावीस भाग? याच लेण्यात याच राजमातेचा, बलश्रीचा, लेख आहे, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षातला. क्षहरातांचा वंश निःशेष केला म्हणून ती मुलाची कीर्ती गाते, आणि त्याच लेखात म्हणते की अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला रुचत नसे. हा विरोध एकाच माणसात! याच्यावर वर्षभर मालिका चालेल. तुम्ही काय करता? दर शुक्रवारी एक मुंडकं उडवता.

युद्धाचा शेवट हवाय ना? १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का ठोकलाय, खाली शत्रूचा चेहरा अजून दिसतो. दोन राजे एका नाण्यावर, एकावर एक! आणि तुम्हाला सुचलं काय, तर स्लो मोशनमध्ये तलवार.

सुरुवातीला 'सर्जनशील स्वातंत्र्य घेतले आहे' ही पाटी मुंगीएवढ्या अक्षरात, दोन सेकंद.

अहो, तो पांडवलेण्याचा डोंगर महामार्गावरून दिसतो. चढायला, बघायला एक सकाळ पुरते. ब्राह्मी लिपी येत नाही म्हणता? हे लेख वाचून, अर्थासकट छापून शंभरहून अधिक वर्षं झाली. लाखो रुपये मखमलीवर घालता आणि एक लेख वाचणारा माणूस ठेवत नाही, हा निव्वळ आळस आहे. पोरं तुमचं बघून लेण्यात येतात आणि 'राजाचं सिंहासन कुठंय' विचारतात. तिथे सिंहासन नव्हतंच, ते भिक्षूंचं राहण्याचं ठिकाण. वाचायचं नसेल तर निदान राजाचं नाव तरी बदला.