बापटांचे पेढे आणि यंग्सटाउनचे मतदार

"मूर्ख आहेत ते लोक, दुसरं काही नाही," बापटांनी निकाल देऊन टाकला. "फॅक्टरी ह्याच्या राज्यात बंद पडली, तरी मत ह्यालाच. ह्याला मूर्खपणा नाही तर काय म्हणायचं?"

विषय अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा, तिथल्या यंग्सटाउनचा, आणि 'हा' म्हणजे ट्रम्प. आमच्या कट्ट्यावर इथल्या राजकारणाला बंदी आहे. गेल्या विधानसभेला दोन जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा अण्णांनीच फतवा काढला, की भांडायचं तर लांबचं भांडायचं. तेव्हापासून अमेरिकेचा ट्रम्प, ब्रिटनचे फराज, स्टार्मर ही मंडळी डोंबिवलीच्या ह्या पायरीवर रोज संध्याकाळी हजर असतात.

अण्णा बोलायला लागले की मी गप्प बसून ऐकतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. युनियनचं काम केलं, कारखान्याला टाळं लागलेलं पाहिलं, मग देण्यांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. बंद गेटसमोर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नाही.

"बापट, यंग्सटाउनला पहिलं मोठं टाळं कधी लागलं, माहितीये?" अण्णांनी पेपरची घडी केली. "19 सप्टेंबर 1977. कॅम्पबेल वर्क्स, पोलादाचा कारखाना. सोमवार होता. पाचेक हजार माणसं एका घोषणेत रस्त्यावर. तिथे अजून त्याला काळा सोमवार म्हणतात. तेव्हा गादीवर कोण? कार्टर, डेमोक्रॅट. पुढे नाफ्टाच्या, म्हणजे मेक्सिको-कॅनडाशी खुल्या व्यापाराच्या, कायद्यावर सही कोणाची? क्लिंटन, डेमोक्रॅट. आणि यंग्सटाउनच्या महोनिंग काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, मतं कोणाला दिली? डेमोक्रॅट्सनाच. 2012ला ओबामाला तिथे साठ टक्क्यांच्या वर मतं आहेत. पस्तीस वर्षं ज्यांनी वाट बघितली, त्यांना तुम्ही मूर्ख म्हणणार?"

"पण ट्रम्पनं तरी काय दिलं? 2017ला तिथेच सभेत सांगून गेला, घरं विकू नका, कामं परत येतायत. आणि 2019च्या मार्चमध्ये शेजारच्या लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सचा प्लांट बंद! तरी 2020ला महोनिंग त्याच्याकडे. निक्सननंतर पहिल्यांदा रिपब्लिकन! मी तिथे सहा महिने राहून आलोय अण्णा, मला सांगू नका."

"न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून आलात," मंग्या म्हणाला. "मुलाच्या घरात. ओहायो तिथून सहा-सात तासांवर आहे, तुम्हीच सांगितलं होतंत."

अण्णांनी मंग्याला हातानं थांबवलं. "खोटं दोघंही बोलले, बापट. पण एक जण दिल्लीत बसून... चुकलो, वॉशिंग्टनमध्ये बसून बोलला, आणि दुसरा दारात येऊन बोलला. दारात येणाऱ्याला निदान तुमचा पत्ता माहीत असतो."

ह्यावर बापटांनी चहा मागवला. उत्तर नसलं की ते चहा मागवतात.

नंदाताईंना मात्र अण्णांचं सगळं पटत नव्हतं. शाळेत इतिहास शिकवायच्या, लेक लेस्टरला असते, त्यामुळे ब्रिटनचं खातं त्यांच्याकडे. "तुमची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच," त्या म्हणाल्या. "जो उठतो तो खाणवाल्यांचं आणि गिरणवाल्यांचंच सांगतो. पैसेवाले नाही सरकले? कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी रिपब्लिकनांचा बालेकिल्ला. 1936 नंतर पहिल्यांदा 2016ला डेमोक्रॅट्सकडे गेली. इंग्लंडात विटनी कॅमेरॉनची, मेडनहेड थेरेसा मेंची, हेन्ली एके काळी जॉन्सनची. तिघंही कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान. 2024ला तिन्ही ठिकाणी लिबरल डेमोक्रॅट निवडून आले. अहो, बुशचा उपाध्यक्ष डिक चेनी कमला हॅरिसला मत देतो म्हणाला! त्यांना कोणी मूर्ख म्हटलं का? बंगल्यातल्यानं पक्ष बदलला की त्यानं विचार केला, आणि खाणीतल्यानं बदलला की त्याला कोणीतरी भडकवलं. हा कुठला न्याय?"

हे मला फार पटलं. दहा वर्षं आपण वाचत आलो ते सगळं एकाच बाजूच्या मतदाराचं शवविच्छेदन आहे. दुसरी बाजू जणू जागची हललीच नाही.

मग नंदाताईंनी बोल्सओव्हरच्या बाईंची गोष्ट सांगितली. 2019च्या डिसेंबरात त्या लेकीकडे होत्या. शेजारी एक वयस्क बाई, माहेर डर्बीशायरमधल्या बोल्सओव्हरकडचं, वडील आणि भाऊ दोघंही कोळशाच्या खाणीत. भाऊ 1984-85च्या संपात वर्षभर बिनपगारी घरी बसलेला. घर लेबरचं, म्हणजे मजूर पक्षाचं; तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह हा शब्द शिवीसारखा उच्चारायचे. निवडणुकीनंतर दोन दिवसांनी बाई चहाला आल्या. कपात साखर घातली, ढवळली, बराच वेळ ढवळतच राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, मी ह्या वेळी जॉन्सनला दिलं. माझ्या भावाला कळता कामा नये. भाऊ शंभर किलोमीटर लांब, आणि बाई आवाज खाली करून बोलत होत्या. आठवड्याभरानं त्या भावाचा फोन आला. त्यानंही तेच केलं होतं आणि तोही बहिणीला सांगायला घाबरत होता!

"बोल्सओव्हरला डेनिस स्किनर पडला," नंदाताई म्हणाल्या. "1970 पासूनचा खासदार. स्वतः खाणकामगार. आणि गंमत बघा, तो स्वतः ब्रेक्झिटच्या बाजूचा. पण पक्ष दुसरं सार्वमत घेऊ म्हणत बसला, आणि पक्षाचं पाप त्याच्या माथी. निकालाच्या दिवशी जॉन्सननं ते ओळखलं होतं. भाषणात तो म्हणाला, की आमच्या नावापुढे फुली मारताना तुमचा हात थरथरला असेल, पुढच्या वेळी तुम्ही परत लेबरकडे जाणारही असाल. मत उसनं आहे हे त्याला कळत होतं. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर कधीतरी परत करावी लागते, एवढंच तो विसरला."

"आणि पुढे?" मी विचारलं.

"2024ला बोल्सओव्हर पुन्हा लेबर. आणि 2025च्या मे महिन्यात डर्बीशायरची काउंटी कौन्सिल फराजच्या रिफॉर्म ह्या उजव्या पक्षाकडे."

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. लोक डावीकडून उजवीकडे गेले, असं आपण म्हणतो. तसं असतं तर ते उजवीकडे जाऊन थांबले असते. ते थांबलेच नाहीत. 23 जून 2016च्या ब्रेक्झिट सार्वमताच्या कागदावर पक्षाचं नाव नव्हतं, चिन्ह नव्हतं. युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, एवढे दोनच चौकोन. बापजाद्यांच्या पक्षाला न दुखावता त्या पक्षाच्या बहुतेक पुढाऱ्यांना नाही म्हणायची ती संधी होती, आणि 52 विरुद्ध 48नं लोकांनी ती घेतली. एकदा तसं केल्यावर आभाळ कोसळलं नाही. मग 2019ला थोडा हात थरथरला, 2024ला थरथरला नाही, 2025ला तर लोक गात गेले असतील. डरहॅममध्ये 1919ला लेबरनं देशातली पहिली काउंटी कौन्सिल जिंकली होती, तिथे अजून दरवर्षी खाणकामगारांच्या युनियनचे भरजरी झेंडे बँडच्या तालावर मिरवतात, आणि 2025ला तिथेही रिफॉर्मचं बहुमत आलं. आणि हे सगळे फराजचे झाले असंही समजू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरात वेल्समधल्या कॅर्फिलीला तिथल्या विधिमंडळाची पोटनिवडणूक झाली. शंभर वर्षांचा लेबरचा गड. लेबर 11 टक्क्यांवर आली, पण जिंकला रिफॉर्म नव्हे, वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कम्री. निष्ठा कोणी पळवली नाही, ती संपलीच. आणि ज्यांनी संपवली ते पक्ष अजून मतदारालाच दोष देतायत, ह्याचा मला खरंच राग येतो.

"तो ॲशफील्डचा ली अँडरसन बघा ना," अण्णा म्हणाले. "खाणकामगार, लेबरचा नगरसेवक. 2018ला कॉन्झर्व्हेटिव्हमध्ये, 2019ला त्यांचा खासदार, पक्षाचा उपाध्यक्ष. 2024च्या मार्चला रिफॉर्ममध्ये, आणि जुलैला पुन्हा त्याच मतदारसंघातून निवडून."

मंग्यानं तोंड उघडलं, "म्हणजे हा तर आपल्याकडच्या..."

"इथलं नाही!" तिघंही एकदम ओरडले. नियमाप्रमाणे त्या फेरीच्या कटिंगचे पैसे मंग्याच्या खात्यावर चढले. मागचे तीन महिन्यांचे अजून यायचे आहेत, ही गोष्ट टपरीवाल्यानं सगळ्यांसमोर सांगितली.

बापटांना आता जोर आला होता. "तुम्ही एक शब्द टाळताय अण्णा. वर्णद्वेष. गोऱ्यांना आपण नकोत. बस्स."

"केंटकीत एलियट काउंटी म्हणून आहे," अण्णा म्हणाले. "डोंगरातली, जवळजवळ सगळी गोरी वस्ती. 1869ला काउंटी झाल्यापासून 2012पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट. म्हणजे ओबामालाही दोनदा. आणि 2016ला ट्रम्पला 70 टक्के. आता सांगा, ओबामाला मत देताना ते कोण होते?"

इथे नंदाताईंचा आवाज चढला. "पण अण्णा, ते नाहीच असंही म्हणू नका. 2024च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात, साउथपोर्टच्या तीन लहान मुलींच्या खुनानंतर, दंगली झाल्या. निर्वासितांना ठेवलेली हॉटेलं पेटवायला निघाले होते. लेस्टरला काही झालं नाही, तरी माझी लेक चार दिवस घराबाहेर पडली नाही. तुमच्या बंद गेटवरच्या माणसाबद्दल मला माया आहे. पण त्याचा राग शेवटी माझ्या मुलीच्या दारात येतो, त्याचं काय करू?"

कोणीच काही बोललं नाही. अण्णा बऱ्याच वेळानं म्हणाले, "ते तुमचं बरोबर आहे. गेटवर राग आला की कोणावर काढायचा ते आम्ही शिकवायचो. युनियन असायची तेव्हा कोणीतरी शिकवायचं. आता ते काम फराज करतो."

अण्णांचं हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं.

मंग्यानं विषय टेक्सासला नेला. स्टार काउंटी, थेट मेक्सिकोच्या सीमेवर, जवळजवळ सगळी लोकसंख्या हिस्पॅनिक, 1892 नंतर रिपब्लिकनला कधी कौल नाही. 2016ला हिलरीला 79 टक्के. 2024ला ट्रम्प जिंकला. "भिंत बांधणार म्हणणाऱ्याला भिंतीजवळच्यांनीच मत दिलं! हे कसं काय?"

"महागाई," नंदाताई एका शब्दात म्हणाल्या. "आणि सीमेवरच्या गस्तीच्या नोकऱ्या त्यांच्याच पोरांकडे असतात."

"मूर्ख!" बापट म्हणाले.

आणि तिथे अण्णांचा संयम सुटला.

"बापट, 2016ला पेढे कोणी वाटले होते?"

बापट गप्प.

"कंदी पेढे. ह्याच पायरीवर. 'अब की बार ट्रम्प सरकार' तो हिंदीत म्हणाला, तो व्हिडिओ तुम्ही आम्हाला किती वेळा दाखवलात? तुमचा निखिल एडिसनला ट्रम्पच्या कार्यक्रमाला गेला होता, त्याचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला होतात. आता कुठे आहे तो?"

"काढला," मंग्या म्हणाला. "मीच स्टूल धरलं होतं."

फोटो काढला 2025च्या सप्टेंबरात. नव्या एच-वन-बी नोकरी-व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर फी लागणार, असं ट्रम्पनं जाहीर केलं तेव्हा निखिल आजीच्या वर्षश्राद्धाला इथे आला होता. हुकूम नेमका कोणाला लागू, कोणालाच कळेना. कंपनीचा मेल आला, ताबडतोब परत या. पोरगं सामान अर्धवट भरून रात्री विमानतळावर पळालं, श्राद्धाचं जेवण तसंच राहिलं. वहिनी किती रडल्या ते सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. दोन दिवसांनी कळलं, आधीच व्हिसा असलेल्यांना ती फी नाहीच. त्या रात्रीपासून बापट ट्रम्पचे कट्टर विरोधक.

"मी तुम्हाला नावं ठेवत नाही," अण्णा अगदी हळू म्हणाले. "पोराच्या पोटावर आलं, तुम्ही बाजू बदललीत. कोणीही बदलेल. पण तुमची निष्ठा एका मेलनं गेली. त्यांची पस्तीस वर्षांनी गेली. मग मूर्ख ते कसे?"

बापटांनी चहाही मागवला नाही. मला त्यांची दयाच आली.

वातावरण फार जड झालं म्हणून मी इंग्लंडातल्या रनकॉर्नची पोटनिवडणूक काढली. 2025चा मे, लेबरची सुरक्षित जागा, फेरमोजणी झाली आणि रिफॉर्म फक्त सहा मतांनी जिंकला.

"सहा?" मंग्या ताडकन उठला. "मी सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन मतांनी पडलो. दोन! आणि ती दोन कोणाची, हे मला सात वर्षं माहीत आहे." त्यानं सरळ बापटांकडे बोट केलं. "ह्यांचं एक आणि वहिनींचं एक. आदल्या रात्री माझ्या घरी येऊन श्रीखंड-पुरी जेवले, मंग्या तूच येणार म्हणाले!"

"मंगेश, मी तेव्हाच सांगितलं होतं की..."

"काय सांगितलं होतं? पाण्याच्या टाकीचं कंत्राट कोणाला मिळालं ते काढू का?"

"श्रीखंड आंबट होतं!" बापट ओरडले.

मग स्वतःच थांबले. चष्मा काढून पुसला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले. "देणार होतो रे तुलाच. देवाशपथ. चिठ्ठी हातात घेतली, तुझं नावही दिसलं..."

"आणि हात थरथरला?" नंदाताईंनी विचारलं.

बापटांनी मान हलवली आणि अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मंग्या पाठीवर थापट्या मारत होता आणि मधूनच ओरडत होता, "आणि वहिनींचा? वहिनींचा पण थरथरला का?"

"तिनं तुलाच दिलं होतं," बापट म्हणाले. "दुसरं कोणाचं होतं ते तू शोध."

आता मंग्या माझ्याकडे बघायला लागला.