म्हणे 'दोन सोयीची झाडं बघा'!

"हॅम रेडिओच्या अँटेनाचं काय एवढं? दोन सोयीची झाडं बघायची आणि तार टांगून द्यायची." हे वाक्य ज्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, त्याला आमच्या फणसाखाली आणून उभा करा. मे महिन्यात. भर दुपारी. हातात बेचकी देऊन. (हॅम रेडिओ म्हणजे छंद म्हणून, परवाना घेऊन, आपल्या सेटवरून लांबच्या लोकांशी बोलणं.)

कागदावर सगळं गोड असतं हो. ४० मीटरचा बँड, म्हणजे साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या लहरी, ७.१ मेगाहर्ट्झ, १४३ भागिले ७.१, आली तार २० मीटर. मधोमध कापा, दोन्हीकडे दहा-दहा, मध्ये केबल जोडा, झाला डायपोल, म्हणजे दोन हातांची अँटेना. शाळकरी पोर करील. आणि मग शेवटी हळूच येतं: उंची शक्यतो अर्ध्या तरंगलांबीएवढी ठेवा. म्हणजे २० मीटर! पासष्ट फूट! शेजारी आकृती. त्यातलं झाड बघा, सरळसोट खोड आणि वर एकच आडवी फांदी, जशी काही दोरी टाकायलाच उगवलीय. असलं एक झाड मला अख्ख्या दापोली तालुक्यात दाखवा.

नाही म्हणायला माझ्याकडे होती सोयीची झाडं. परसात दोन माड, एकमेकांपासून चाळीस पावलांवर. नारळ काढायला येणाऱ्या गड्यानं जाता जाता दोन्हींवर कप्प्या बांधून दिल्या होत्या. गडगडायला लागलं की तार खाली, आभाळ निवळलं की वर. ३ जून २०२० ला 'निसर्ग' आलं आणि दोन्ही माड आडवे. उरले रायवळ आंबा आणि फणस. तो गडी वर बघून म्हणाला, "भाऊ, माड सांगा, कितीपण उंच सांगा. ह्याच्यावर ओंबील हायत. तुम्हीच चढा." ओंबील म्हणजे झाडावरचे चावरे लाल मुंगळे.

म्हणून बेचकी. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, आणि त्याच्या टोकाला मासे धरायचं ३० ग्रॅमचं शिसं. ते फांदीवरून पलीकडे उडवायचं आणि त्यामागून दोरी नि तार वर ओढायची. आणि खरी फसवणूक इथे आहे, कारण शिसं वर जातं! झकास जातं. फेकणं अवघड आहे असं सगळ्यांना वाटतं. अवघड आहे ते खाली येणं. शिसं हव्या त्या फांदीवरून पलीकडे जातं, पानांत शिरतं आणि चाळीस फुटांवर थांबतं. तंगूस सैल सोडा, हलवा, झटका द्या, शिव्या द्या, ते तिथेच लोंबकळतंय. आंब्याच्या सालीवर तंगूस असा घासतो की ३० ग्रॅम त्याला ओढूच शकत नाहीत. मग लावा ६० ग्रॅमचं. ते खाली येईल, पण आधी वर जायला हवं ना! बेचकीच्या रबराला ते झेपत नाही. माझं गेलं तिरकं, थेट शेजारच्या काकूंच्या कौलांवर.

काकू बाहेर आल्या. "अरे, आंबे हवेत तर माग की, कौलं कसली फोडतोस?"

"काकू, आंबे नाही, अँटेना लावतोय."

"टीव्हीची? आता कोण लावतं ती?"

काय सांगायचं?

आणि तो तंगूस! जमिनीवर सुटा पसरून ठेवा म्हणतात, म्हणजे सरसर जातो. आमच्या परसात लाजाळू आहे. तंगूस लाजाळूत अडकला की शिसं अर्ध्या वाटेत गचका खातं आणि परत येतं. फेकणाऱ्याच्या दिशेनं. मी आता स्कूटरचं हेल्मेट घालून नेम धरतो. रस्त्यावरची पोरं हसतात, हसू देत. रस्त्याच्या अंगाला वीजतारा आहेत म्हणून तिकडे फेकायचंच नाही, म्हणजे नेमाची निम्मी जागा तिथेच गेली. पुण्याचा मित्र म्हणतो ड्रोन घे. हो, सात वॉटच्या घरी बनवलेल्या सेटसाठी ड्रोन घेतो आणि तोही फणसाला अर्पण करतो.

परवा अकराव्या नेमाला शिसं आलं. पायाशी आलं! मी अक्षरशः नाचलो. तंगुसाला सुतळी बांधली, कारण तंगुसानं थेट जाड दोरी ओढली तर तो तुटतो. सावकाश ओढत गेलो. वर बेचक्यात गाठ अडकली. गाठीवर टेप गुंडाळून ती निमुळती करायची असते, हे मला त्या क्षणी आठवलं. जरा ओढलं. आणखी जरा. तंगूस तुटला आणि चाळीस फूट सुतळी माझ्या डोक्यावर आली, ओंबिलांसकट. ते कॉलरीतून आत शिरल्यावर माणूस काय करतो ते काकूंनी ओट्यावरून पूर्ण पाहिलं.

मिरग तोंडावर आलाय. तार सध्या पडवीच्या खांबापासून पपईपर्यंत आहे, नऊ फुटांवर. सिग्नल बहुतेक जमीनच खाते, उरला तो सरळ आभाळात. आज सकाळी तसाच नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीत आलो. दोनदा हाक मारल्यावर एक आजोबा उत्तरले, "आवाज फार क्षीण येतोय हो. अँटेना जरा वर घ्या की. कोकणात आहात ना तुम्ही? झाडांना काय तोटा!"

मी सेट बंद केला आणि चहा टाकला.