मातीत पैलवान मोडत नाही? मोडतो, आणि का तेही सांगतो

यात्रांच्या कुस्त्या जवळ आल्या की खानापूरपासून निपाणीपर्यंत एकच मजकूर मोबाइलवर फिरतो: गुडघे मॅटवर जातात, तांबड्या मातीत काही होत नाही, जोर-बैठका मारल्या की अंग तापलंच, लचकलं तर चोळून घ्यावं, फुटका कान हा पैलवानाचा दागिना, हळदीच्या मातीत जखम चिघळत नाही. तालमीत पोरं धाडणाऱ्या आईबापांनी आणि वस्तादांनी हे तपासूनच घ्यावं.

मातीत काही होत नाही, हे पहिलं. माती मऊ असते ती खणल्यामुळे, तांबडी असल्यामुळे नव्हे. हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, दोन-तीन दिवस तसाच ठेवला की वर दोन बोटं भुसभुशीत आणि खाली फरशी. त्यावर ढाक (उचलून फेकायचा डाव) बसली की सगळा भार खांद्यावर येतो आणि कॉलरबोन जातं. म्हणून लढतीआधी रोज हौद वीतभर खणायचा, ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, मग फळी ओढायची. मूठभर माती दाबून बघा: गोळा धरला पाहिजे आणि बोट टोचताच फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडा. बोटांना चिकटत असेल तर त्या दिवशी लढत नको. चिकट मातीत पाऊल रुततं, वरचं अंग फिरतं आणि तो पीळ गुडघ्यात बसतो. मॅटवर बुटाची पकड हेच करते. यात्रेच्या मैदानात तर आणखी जपायला हवं. खानापूरकडे जमीन तांबडी, पण निपाणीकडचं काळं रान वाळलं की दगड होतं. वर तांबड्या मातीची एक ट्रॉली पसरून तिथे भागत नाही, खालचं रान आधी नांगरावं लागतं.

जोर-बैठकांनी घाम येतो, कबूल. पण दोनशे जोर मारून दमलेला खांदा डाव बसताना सांधा सावरत नाही. मोठा व्यायाम लढतीनंतर करावा. आधी पंधरा-वीस मिनिटं पुरतात: हलकं पळणं, खांदे-कंबर मोकळी करणं, कोलांट्या, मग अर्ध्या जोराने डाव. यातच पडायला शिकवा. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि तळहात टेकवायचा नाही. कोपर निखळतो तो बहुधा सरळ हात टेकल्यामुळे.

चोळून घेण्याचा सल्ला सगळ्यात घातक. आत रक्त वाहत असताना चोळलं की सूज वाढते. पहिले दोन दिवस तेल नको, शेक नको. बर्फ कापडात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. वर क्रेप बँडेज, पाय उशीवर. गुडघा दोन तासांच्या आत टम्म फुगला तर सांध्यात रक्त साचलंय, बहुतेक वेळा लिगामेंट तुटल्यामुळे. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर आतली गादी फाटलेली असू शकते. असा पोरगा हाडांच्या डॉक्टरकडेच न्या. निखळलेला खांदा तालमीत ओढू नका. मानेवर पडून हाताला मुंग्या आल्या तर त्याला उठवून बसवू नका. डोकं आहे तसं स्थिर धरा आणि 108 लावा.

कानाचं तर वाईट वाटतं, कारण तो वाचवता येतो. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरचा पापुद्रा तिला पोसतो. मार लागून मधे रक्त साचलं की पापुद्रा सुटतो, कुर्चा मरते आणि कान गाठाळतो. एक-दोन दिवसांत डॉक्टरांनी रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान बहुधा पहिल्यासारखा राहतो. तालमीत सुईने टोचणं म्हणजे पू ओढवून घेणं.

हळद, लिंबू, ताक मातीत जरूर घाला, पण धनुर्वाताचे जंतू त्याने मरत नाहीत. 10 आणि 16 व्या वर्षीची लस चुकवू नका, पुढे दर दहा वर्षांनी घ्या. खोल, मातकट जखम झाली आणि शेवटची लस पाच वर्षांपूर्वीची असेल तर पुन्हा घ्यावी लागते. गजकर्ण झालेला पैलवान बरा होईपर्यंत हौदाबाहेर. लंगोट आणि टॉवेल ज्याचा त्याचा, रोज धुऊन उन्हात.

आणि जोडीबद्दल, म्हणजे कोण कोणाशी लढणार याबद्दल, त्या मजकुरात एक अक्षर नाही. यात्रेत जोड नजरेने लागते, पोरांचीसुद्धा. मैदानाच्या कडेला एक वजनकाटा ठेवा आणि दोघांना त्यावर उभं करूनच नाव पुकारा.