निळ्या झाकणामागचा खर्च

परवा गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर संदेश झळकला: ८०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा सुरू होणार नाही. इंजिन ठणठणीत, डिझेल अर्धी टाकी, धूर साफ करणाऱ्या डेफ नावाच्या द्रवाची टाकी तर आदल्याच आठवड्यात गळ्यापर्यंत भरलेली. तरी गाडीने मला नोटीस बजावली. घरमालक भाडेकरूला देतो तशी. आणि हप्ते मात्र मी भरतोय.

पेट्रोलवाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. डेफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. अ‍ॅडब्लू हे त्याचंच एक ब्रँडनाव. ते डिझेलमध्ये ओतायचं नसतं (ओतलंत तर इंजेक्टर, पंप सगळ्याची वाट लागते), त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. तापलेल्या धुरात ते फवारलं जातं, त्यातून अमोनिया सुटतो, आणि नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. ३२.५ हा आकडाही उगाच नाही. या प्रमाणातलं मिश्रण सगळ्यात उशिरा, उणे ११ अंशांना गोठतं. डोकेबाज काम आहे, त्यात वादच नाही.

डेफचा खर्चही मला डाचत नाही. माझी गाडी हजार किलोमीटरला एक-दीड लिटर पिते. विकताना ‘किरकोळ खर्च आहे हो’ असं सांगितलं गेलं, ते खोटं नव्हतं. फक्त अर्धंच होतं. ट्रकवाल्यांना मात्र विचारून बघा: जळलेल्या डिझेलच्या तीन ते पाच टक्के डेफ लागतं, आणि गाडी रोज पळते.

खरा खर्च द्रवाभोवतीच्या यंत्रणेचा. पंप, हीटर, पातळी मोजणारा सेन्सर, दर्जा तपासणारा सेन्सर, फवारणारा इंजेक्टर, शिवाय धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारे नॉक्स सेन्सर. माझा त्यातला मागचा गेला होता. मेकॅनिकने हातात ठेवला: बोटाएवढा धातूचा तुकडा, वीतभर वायर आणि टोकाला काळी डबी. डबी शाबूत होती, पण सुटा सेन्सर मिळत नाही, डबीसकट घ्यायचा. टाकीतल्या पंपाचंही तेच. हीटर बिघडला तरी पंपासकट अख्खं मॉड्यूल बदला म्हणतात.

मग त्याने इंजेक्टर दाखवला. तोंडावर मिठासारखा पांढरा थर. म्हणाला, ‘साहेब, तुम्ही गाडी फार कमी चालवता.’ धूर साधारण दोनशे अंशांपर्यंत तापला नाही तर फवारणी नीट होत नाही आणि युरियाचे खडे धरतात. म्हणजे प्रदूषण नको म्हणून गाडी जवळच्याजवळ, अगदी गरजेपुरती काढणारा माणूसच यात आधी सापडतो!

डेफची टाकी रिकामी ठेवून कुणी पळू नये म्हणून गाडी पुन्हा सुरूच होणार नाही अशी सोय केली आहे. ठीक. लबाडाला चाप हवाच. पण डेफ न भरणारा आणि सेन्सर गेलेला, दोघांना एकच शिक्षा? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला हे २०२५ च्या ऑगस्टमध्ये उमगलं: डेफच्या बिघाडाने ट्रकची ताकद एकाएकी कमी होऊ नये, असे सॉफ्टवेअर बदल करा म्हणून तिने कंपन्यांना सांगितलं. इतकी वर्षं चालकांनी भर रस्त्यात काय काय सोसलं असेल!

आणि कंपन्या काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. डाइमलरही त्यात सामील होती, पण तिनेच गुपित फोडल्यामुळे सुटली. गुन्हा काय? धूर नियमापेक्षा जास्त साफ करायची स्पर्धा करायचीच नाही, असं या मंडळींनी आपसांत ठरवलं होतं. अ‍ॅडब्लूच्या टाक्या केवढ्या ठेवायच्या हेसुद्धा संगनमताने. ग्राहकाने कितीदा झाकण उघडायचं, हे बंद खोलीत ठरत होतं.

‘ती भानगडच काढून टाका, एक डबी बसवून देतो’ म्हणणारे भेटले. ही डबी गाडीच्या संगणकाला सगळं आलबेल आहे असं खोटं सांगते. बेकायदा आहे, आणि त्या गाडीच्या मागे उभं राहणाऱ्याची फुफ्फुसं काय माझ्या बापाची आहेत का? नको. मला एवढंच हवंय की सुटे भाग सुटे मिळावेत आणि या यंत्रणेची वॉरंटी इंजिनापेक्षा कमी नसावी. सक्ती केलीत ना, मग टिकवून दाखवा.

तूर्त सेन्सर बदललाय, संदेश गेलाय. मेकॅनिकने सांगितलंय, आठवड्यातून एकदा हायवेला पाऊण तास दामटत जा, म्हणजे खडे जळतील. काल चाळीस किलोमीटर जाऊन आलो. तिकडे काहीही काम नव्हतं.