बदक काही मरत नाही

घराला रंग द्यायचा ठरला की आमच्याकडे पहिली संक्रांत माळ्यावर येते. बायकोने मला स्टुलावर चढवलं आणि खालून हुकूम सोडला, "एक ढीग ठेवायचा, एक कुणाला द्यायचा, एक भंगारचा. आणि वर वाचत बसू नकोस." तिचं चुकत नाही. मागच्या खेपेला डब्यांखाली अंथरलेल्या जुन्या पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचण्यात माझा दीड तास गेला होता. एक दुचाकी फारच स्वस्तात मिळत होती.

या खेपेला सोऱ्या मिळाला, पण चकत्या नाहीत. मग चकत्या मिळाल्या, त्या वेगळ्याच सोऱ्याच्या. आणि त्यामागे बुटांच्या खोक्यात, आईने नाडीने घट्ट बांधून ठेवलेला, माझा व्हिडिओ गेम. दोन रिमोट, एक काळी बंदूक, तीन कॅसेटी.

"भंगार," बायको खालून म्हणाली. तिला तिथून नुसतं खोकं दिसत होतं.

हा गेम वडिलांनी १९९६ च्या मे महिन्यात घेतला. त्याआधी आम्ही पोरं गल्लीतल्या एका दुकानात तासावर पैसे देऊन खेळायचो. आपला मुलगा खेळायला पैसे मोजतो हे वडिलांच्या बँकेतल्या मनाला सहन होईना, म्हणून त्यांनी ही 'एकरकमी गुंतवणूक' केली. सोबतच्या कॅसेटवर लिहिलं होतं, '९९९९९९ इन वन'. दुकानदाराने तो आकडा दाखवला आणि वडील विरघळले. एका गेमला किती पैसे पडले, याचा हिशोब त्यांनी रिक्षातच केला. पैशाच्याही खाली उत्तर येत होतं.

रविवारी ते वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसले. एक नंबरला मिशीवाला मारिओ. दोन नंबरला बंदूकवाले दोघे. तीनला रणगाडे. चारला बदकं. पाचला पुन्हा मारिओ, फक्त नाव वेगळं. सहाला तेच बंदूकवाले, पण दुसऱ्या मैदानापासून सुरुवात. एकशे बारापर्यंत त्यांनी चिकाटीने टिकमार्क केले, मग वही मिटली आणि पायात चपला सरकवल्या. मी मागोमाग गेलो, कारण असं दृश्य पुन्हा दिसणार नव्हतं.

"यात चारच आहेत," ते काउंटरवर कॅसेट ठेवत म्हणाले. "उरलेले नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे पंच्याण्णव कुठे आहेत?"

दुकानदाराने शांतपणे कॅसेट उलटीसुलटी केली. "साहेब, पुढच्या पानांवर असतील. तुम्ही शेवटपर्यंत गेलात का?"

वडील गप्प झाले. शेवटपर्यंत न तपासता तक्रार करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

तर हे खोकं मी भंगारात घालणार नव्हतो. मी ते चिरंजीवांपुढे ठेवलं. वय वर्षं अकरा. त्याने वायर बोटाला गुंडाळून पाहिली आणि विचारलं, "चार्ज कसा करायचा?"

चार्जचा प्रश्न नव्हता, प्रश्न भोकांचा होता. गेमच्या वायरी पिवळी आणि पांढरी, आणि आमचा भिंतीवरचा टीव्ही इतका सडपातळ की त्याला तसली भोकंच नाहीत. मग तपकीर गल्ली. पुण्यात विजेवर चालणारी जी वस्तू कुठेच मिळत नाही ती तपकीर गल्लीत मिळते, फक्त ती मागताना आपण वेडे नाही हे दुकानदाराला पटवावं लागतं. दोन दुकानांनी नुसती मान हलवली. तिसऱ्याने वायर हातात घेऊन विचारलं, "काय बघायचंय याच्यावर?"

"व्हिडिओ गेम. लहानपणचा."

"मुलासाठी?"

"हो."

"सगळे असंच सांगतात," तो म्हणाला आणि डबी काढून दिली.

घरी डबी जोडली. अ‍ॅडॉप्टरचा तो ओळखीचा तापलेला वास आला. पडदा निळा. कॅसेट काढली, आणि माझ्या तोंडाने मला न विचारता त्यात फुंकर मारली. आमच्या पिढीला हे शिकवावं लागलेलं नाही. खरं तर फुंकरीचा काही उपयोग नसतो. कॅसेट काढून परत बसवली की पिना नव्याने जुळतात, एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या गंजतात. हे मी मुलाला नीट समजावून सांगितलं आणि पुन्हा फुंकर मारली. गेम सुरू झाला.

मारिओ १९८५ चा, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान. रुंद पडद्यावर तो आडवा पसरला होता. मुलाने आळीपाळीने त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं, पण काही बोलला नाही. संस्कार आहेत. मी बटण दाबायचो आणि मारिओ जरा विचार करून उडी मारायचा, तोवर खड्डा आलेला असायचा. बंदूकवाल्यांच्या गेममध्ये मात्र अंगठा आपणहून चालला: वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. तीस जीव! फोनवरून पैसे पाठवायचा नंबर मी दोन महिन्यांत तीनदा विसरलोय, पण हे तीस वर्षांनंतरही शाबूत. हा मंत्र मुळात हाशिमोतो नावाच्या जपानी प्रोग्रामरने १९८६ मध्ये दुसऱ्याच एका गेमसाठी घातला होता. घरी खेळायला तो गेम त्यानेच तयार केला, आणि त्याला स्वतःलाच तो शेवटपर्यंत खेळता येईना. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. माझे तीसही जीव तिसऱ्या मैदानाआधी संपले.

"सेव्ह कुठे करायचं?" मुलाने विचारलं.

"सेव्ह नाही. लाइट गेली की पहिल्यापासून."

"मग तुम्ही काय करायचात?"

"रडायचो."

शेवटी बंदूक काढली. इथे मी काहीतरी करून दाखवणार होतो. बदकं उडाली, मी एक डोळा मिटला, घोडा ओढला. खट्! बदक तसंच उडत राहिलं. दहा बदकं, तीस गोळ्या, मृत शून्य. आणि गवतातून तो कुत्रा वर आला आणि तोंडावर पंजा धरून हसला. माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला विचारा; शाळेतले मारकुटे मास्तर आम्ही माफ केलेत, हा कुत्रा नाही.

रात्री शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि नुसत्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत उजेड टिपणारा डोळा असतो, त्याला तो चौकोन दिसला की बदक पडलं. म्हणजे इतकी वर्षं माझ्या बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं, टीव्हीच माझ्यावर नेम धरत होता. जुन्या डबा टीव्हीवर तो चौकोन त्याच क्षणी उमटायचा. नवा टीव्ही चित्र नीटनेटकं करून दाखवायला किंचित वेळ घेतो, तोवर गेमने खातं बंद केलेलं असतं.

उपाय एकच. रविवारी जुना बाजार. एकवीस इंची डबा टीव्ही, घासाघीस करून, वर रिक्षाचं भाडं, वर तो लिफ्टपर्यंत उचलायला लावला म्हणून वॉचमनला चहापाणी. दारात बायको उभी होती. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग रिकाम्या माळ्याकडे पाहिलं.

"माळा रिकामा कर म्हटलं होतं," ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या टीव्हीवर बदक पडलं! मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. लहानपणी ती माझ्या शेजारी बसून गुपचूप बघायची. तिचा नंबर आला की बदकं पटापट पडायची, माझ्या वेळी मात्र ऐनवेळी वळायची.

"अरे, ते बदक मी फिरवायचे," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"बंदूक एका भोकात असली की दुसऱ्यातल्या रिमोटने बदक हलतं. एकच बदक असतं त्या खेळात. तुला माहीत नव्हतं? मी पायाखाली धरायचे रिमोट. मला वाटलं आता तरी कळलं असेल."

अकरा वर्षांच्या पोरासमोर शिव्या देता येत नाहीत. मी फोन ठेवला.

"आता मी," म्हणत मुलाने बंदूक घेतली आणि टीव्हीला नाक लागेल इतका पुढे जाऊन बसला. पहिलं बदक त्याने सहज पाडलं, दुसरंही. मी मागे सोफ्यावर सरकलो आणि उशी मांडीवर घेतली. तिसरं बदक नेमात येता येता गर्रकन डावीकडे वळलं. चौथं वर गेलं ते गेलंच. कुत्रा हसला.

"बाबा, बंदूक बिघडली बहुतेक."

"फुंकर मारून बघ," मी म्हणालो.