सनी लिओनीवरचा माहितीपट पाहताना घ्यावयाची काळजी

पाहायचा तर आहे, पण चारचौघांत शोभा व्हायला नको, ही आपली अडचण मला कळते. म्हणून हे अनुभवाचे बोल.

आधी ‘पाहतोय’ म्हणणं सोडा. ‘अभ्यास चाललाय’ म्हणा. दिलीप मेहतांचा ‘मोस्टली सनी’ २०१६ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला होता, हे वाक्य पाठ करून ठेवा. महोत्सव म्हटलं की आपल्याकडे सगळं खपतं. बाई मूळच्या कॅनडातल्या सार्नियाच्या, खरं नाव करनजीत कौर व्होरा, एवढंही सांगायला हरकत नाही. ‘पेंटहाउस’ या नग्नचित्रांच्या मासिकाची २००३ सालची ‘पेट ऑफ द इयर’ त्याच, हे मात्र बोलू नका. तुम्हांला कसं माहीत, हा पुढचा प्रश्न येतो.

२०११ मध्ये त्या ‘बिग बॉस’च्या घरात आल्या आणि पुढे कितीतरी वर्षं गूगलवर भारतीयांनी सर्वाधिक शोधलेल्या नावांत त्यांचं नाव राहिलं. शोधणारे कोण, देव जाणे. आमच्या सोसायटीत तरी कुणी नाही. सेक्रेटरींचा संशय वॉचमनवर आहे.

आता संताप. तो हवाच, आणि पडद्यावरच्या बाईवरच हवा. सराव म्हणून जानेवारी २०१६ची ती गाजलेली इंग्रजी मुलाखत पाहा. आमिर खान तुमच्याबरोबर काम करेल का, गृहिणींना तुमच्यामुळे नवरा हातचा जाईल असं वाटतं त्याचं काय, असे प्रश्न. बाई हसून उत्तरं देतायत. त्या नवऱ्यांना स्टुडिओत कुणी बोलावलं नव्हतं. कामाचा वार असेल. (आमिरने नंतर आनंदाने काम करेन असं जाहीर केलं. असल्या माणसांमुळेच घोळ होतो.)

संताप फारच अनावर झाला तर तक्रार करा. २०१५ मध्ये डोंबिवलीतून त्यांच्या वेबसाइटविरुद्ध तशी झालीच होती. मात्र तक्रारीला पुरावा लागतो आणि पुरावा नीट पाहावा लागतो. घाई करू नका.

मुलगा मध्येच आला आणि ‘ही काय काम करायची?’ म्हणाला, तर ‘तुझं गणित झालं का?’ हे उत्तर पुरतं. २००७ साली महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हापासून पोरांना कळण्याचा तसा धोका उरलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने कंडोमच्या जाहिरातीही सकाळी ६ ते रात्री १० बंद करायला सांगितल्या. दहानंतर मुलं टीव्ही पाहत नाहीत. मोबाइल असतो.

रिमोटचं मात्र सांभाळा. माझी आत्या साताऱ्याहून आली होती, तिला कीर्तन लावून द्यायला टीव्ही सुरू केला, तर ‘अर्धवट पाहिलेलं’ या ओळीत पहिलंच चित्र ते. खाली लाल रेघ, पाऊण भरलेली. मी बटणं दाबतोय आणि ते हलायला तयार नाही. आत्याने चष्मा लावला, पुढे सरकून नाव वाचलं, रेघ पाहिली.

“एवढं बघितलंस की रे,” म्हणाली. “आता सुरुवातीपासून लाव.”